एकाच खुर्चीत चार दशकं: दीर्घकाळ पदावर राहिलेल्या विद्यापीठप्रमुखाचं चरित्र कसं लिहावं

शताब्दी, अमृतमहोत्सव, जयंती किंवा निवृत्तीचा निरोप समारंभ जवळ आला की संस्थेतल्या मराठीच्या शिक्षकाला नाहीतर ग्रंथपालाला बोलावणं येतं. "सरांवर एक सविस्तर लेख हवा, स्मरणिकेत पहिलाच." मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना आणि नंतरही हे काम माझ्याकडे पुष्कळदा आलं. वर्षानुवर्षं प्राचार्य, सचिव, कुलगुरू राहिलेल्या माणसांवर मी लिहिलं आणि इतरांनी लिहिलेलं संपादितही केलं. हे काम मला मनापासून आवडतं आणि ते नीट व्हावं असं फार वाटतं. कारण संस्थेचा इतिहास म्हणून पुढच्या पिढीच्या हाती बहुतेक वेळा हा एकच लेख पडतो.

पाच वर्षांची कारकीर्द लिहिणं तसं सोपं आहे. काय ठरवलं, काय झालं, काय राहिलं, एवढं मांडलं की भागतं. चाळीस वर्षांचं तसं नाही. तेवढ्या काळात विद्यापीठात जे जे घडलं ते सगळं आपसूक त्या एका माणसाच्या नावावर जमा होतं. इमारती त्यांच्या, विभाग त्यांचे, विद्यार्थीसंख्याही त्यांचीच. म्हणून पहिल्याच दिवशी दोन वह्या करा. एकीवर लिहा "त्यांनी केलं", दुसरीवर "त्यांच्या काळात झालं". प्रत्येक नोंद दोन्हींपैकी एकीतच जाईल, आणि पहिल्या वहीत जायला तिला पुरावा लागेल. पुढचं सगळं काम या दोन वह्यांवर उभं आहे.

पद्धत दाखवण्यासाठी मी निकोलस मरे बटलर यांचं उदाहरण घेते. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे ते १९०२ ते १९४५ अध्यक्ष होते. तिथला अध्यक्ष म्हणजे ढोबळमानाने आपला कुलगुरू. फरक एवढा की देणग्या आणणं आणि विश्वस्त मंडळाला सांभाळणं हे त्याचं मोठं काम असतं. मी त्यांच्यापर्यंत पोचले ती बाबासाहेबांमुळे. डॉ. आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये कोलंबियात गेले आणि १९१६ च्या उन्हाळ्यापर्यंत तिथे होते. त्यांना तिथली पीएच.डी. प्रदान झाली १९२७ साली, आणि तेव्हाही अध्यक्ष बटलरच होते. बाबासाहेबांनी पुढे १९३० मध्ये कोलंबियाची आठवण लिहिली तेव्हा काही वर्गमित्रांबरोबर जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन या आपल्या प्राध्यापकांची नावं घेतली. अध्यक्षांचं नाव त्यात नाही. विद्यार्थ्याच्या आठवणीत शिक्षक राहतो. प्रमुखाचं काम शोधायचं तर कागदांतच शिरावं लागतं.

तारखांचा तक्ता

लेखाचं पहिलं वाक्य सुचण्याची वाट पाहत बसू नका. फुलस्केप कागद आडवा धरा आणि तीन रकाने आखा: माणूस, संस्था, बाहेरचं जग. प्रत्येक वर्षाला एक ओळ द्या. बऱ्याच ओळी कोऱ्या राहतील. राहू द्यात, कुठे शोधायचं ते त्या कोऱ्या ओळीच सांगतात.

बटलर यांचा पहिला रकाना असा भरतो. जन्म १८६२, एलिझाबेथ, न्यू जर्सी. कोलंबियाची पदवी १८८२, पीएच.डी. १८८४. मग बर्लिन आणि पॅरिस, आणि परत येऊन कोलंबियातच तत्त्वज्ञानाचं अध्यापन. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची एक संस्था त्यांनी १८८७ मध्ये उभारली, तीच पुढे 'टीचर्स कॉलेज' म्हणून जगभर ओळखली गेली. सगळ्या महाविद्यालयांसाठी एक सामाईक प्रवेशपरीक्षा असावी यासाठी त्यांनी खटपट केली आणि १९०० मध्ये त्यासाठीचं मंडळ उभं राहिलं. म्हणजे अध्यक्ष होण्याआधीच या गृहस्थांचा शिक्षणक्षेत्रात दबदबा होता. आपल्याकडच्या गौरवलेखांत बालपणाच्या हालअपेष्टांवर दोन पानं जातात आणि तिथून उडी थेट खुर्चीवर. मधली वीस वर्षं वगळू नका. माणूस खुर्चीत बसल्यावर काय करणार, त्याचा अंदाज त्या वीस वर्षांतच येतो.

तक्त्याचा दुसरा उपयोग म्हणजे ऐकीव गोष्टी पडताळणं. कोलंबियात १९१७ च्या शरदात विचारस्वातंत्र्यावरून मोठं वादळ उठलं, त्याबद्दल पुढे लिहितेच. बाबासाहेबांचे दोन शिक्षक त्या प्रकरणाच्या अगदी जवळ होते. मग लेखकाची लेखणी शिवशिवते: "हे वादळ तरुण भीमरावांनी डोळ्यांनी पाहिलं." तक्त्यात बघा. ते १९१६ मध्ये लंडनला गेले होते आणि ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईत परतले होते. ते वाक्य तिथेच खोडावं लागतं.

नावांचंही तसंच. मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू १९४२ पासून १९६९ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते. आपल्याकडे बी.एड. केलेल्या प्रत्येकाने 'मुदलियार आयोग' पाठ केलेला असतो. १९५२-५३ चा माध्यमिक शिक्षण आयोग तो हाच. आरोग्यसेवेची पाहणी करणारी, १९५९ मध्ये नेमलेली 'मुदलियार समिती'सुद्धा याच गृहस्थांची, कारण ते मूळचे स्त्रीरोगतज्ज्ञ. पण त्यांचे जुळे भाऊ ए. रामस्वामी मुदलियार म्हैसूरचे दिवाण होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचे पहिले अध्यक्ष होते. मार्गदर्शक पुस्तकांत या दोघांची सर्रास सरमिसळ झालेली मी पाहिली आहे. आपल्याकडे र. धों. असं लिहिलं की कर्वे आठवतात आणि र. पु. म्हटलं की रँग्लर परांजपे. आद्याक्षरांवर विसंबून राहू नका, पूर्ण नाव आणि जन्मसाल दोन्ही जुळवा.

चार्ज-यादी

नोकरी बदलताना आपण पदभाराची यादी करतो: कपाटं इतकी, पुस्तकं इतकी, येणं इतकं, देणं इतकं, सही. चरित्रनायकाचीही तशी यादी करा. पद घेतलं त्या दिवशी हाती काय आलं आणि सोडलं त्या दिवशी काय सोपवलं, दोन्ही लिहून काढा.

बटलर यांच्या हाती काय आलं? मॉर्निंगसाइड हाइट्सचा तो सुप्रसिद्ध परिसर आयता मिळाला. तिथे १८९७ मध्ये विद्यापीठ हलवलं ते आधीचे अध्यक्ष सेथ लो यांनी. मधोमध घुमटाची भव्य ग्रंथालय इमारत आहे, तीही लो यांनी वडिलांच्या स्मरणार्थ पदरच्या पैशांनी बांधली. पुढे लो न्यू यॉर्कचे महापौर झाले आणि जागा रिकामी झाली. आणखी एक गोष्ट: मॅनहटनच्या मध्यभागी विद्यापीठाच्या मालकीची जमीन होती, राज्याकडून १८१४ मध्ये मिळालेली. एके काळी तिथे वनस्पतिउद्यान होतं. बटलर यांच्या कारकिर्दीत, १९२८ च्या सुमारास, ती रॉकफेलर यांना दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिली गेली आणि तिथे रॉकफेलर सेंटर उभं राहिलं. भाड्याचा करार "त्यांनी केलं" या वहीत जाईल. जमीन जाणार नाही, ती त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीची पुण्याई.

सोपवलेल्या बाजूला पत्रकारितेचं विद्यालय येतं (१९१२), प्रेस्बिटेरियन रुग्णालयाबरोबर उभारलेलं वैद्यकीय केंद्र येतं (१९२८), नवं मोठं ग्रंथालय येतं. ते ग्रंथालय १९३४ मध्ये उघडलं, बटलर यांचं नाव त्याला मिळालं १९४६ मध्ये, म्हणजे ते निवृत्त झाल्यावर. पैसा देणगीदार एडवर्ड हार्कनेस यांचा होता. हे सांगितल्याने बटलर लहान होत नाहीत. देणगीदाराकडून इमारत मिळवणं हे खरोखरच अध्यक्षाचं काम आहे आणि त्यात त्यांचा हात धरणारा त्या काळात विरळा. पण पैसा कुणाचा हे न सांगता इमारत त्यांच्या नावावर लावली तर वाचकाची फसवणूक होते.

आणि दुसऱ्या वहीतलं उदाहरण. कोलंबियात १९१९ मध्ये 'समकालीन संस्कृती' हा पहिल्या वर्षाचा सामाईक अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेतल्या कितीतरी महाविद्यालयांनी पुढे त्याचं अनुकरण केलं. तो अध्यापकांनी घडवलेला. त्यांच्या काळात झाला, एवढंच म्हणता येतं. कुणी म्हणेल, त्यांनी होऊ दिला हेही श्रेयच ना? आहे, पण तेवढ्याच शब्दांत लिहा: "होऊ दिला."

कार्यवृत्त कसं वाचावं

तुमच्या संस्थेच्या माणसावर लिहायचं असेल तर खरं काम इथे आहे. वार्षिक अहवाल सगळेच चाळतात, कारण ते छापील असतात. अधिसभा, विद्वत परिषद, व्यवस्थापन परिषद किंवा संस्थेची नियामक समिती यांची कार्यवृत्तं मागा. लेखी अर्ज करा, कशासाठी हवीत ते स्पष्ट लिहा, आणि प्रत न्यायला देत नसतील तर तिथेच बसून टिपणं काढा. कापडी बांधणीच्या जुन्या वह्यांची पानं उलटताना तोंडाला रुमाल बांधा. विनोद करत नाही, कसर आणि बुरशी यांनी माझ्या सहकाऱ्यांना दमा लागलेला आहे.

अशा वहीतली एक ओळ जवळून दाखवते. एका जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांबद्दल गावभर एकच गोष्ट सांगितली जायची: मुलींचं वसतिगृह सरांनी काढलं. कार्यवृत्तात विषय क्रमांक सातपुढे ठराव होता: "सर्वानुमते मंजूर." लेखकाने हे घेतलं आणि तो थांबला. मी त्याला मागची पानं उलटायला लावली. आधीच्या सभेत तोच विषय: "चर्चेअंती पुढील सभेपुढे ठेवावा." त्याच्या आधीच्या सभेत: "निधीअभावी तूर्त स्थगित." आणि अगदी पहिल्यांदा विषय मांडला होता गृहशास्त्राच्या एका अधिव्याख्यात्या बाईंनी, बाहेरगावच्या मुली नात्यातल्या घरी राहून कशा शिक्षण सोडतात याची यादी जोडून. यादीतल्या एका नावापुढे पेन्सिलीने बारीक फुली होती आणि समासात प्राचार्यांच्या अक्षरात "हिचे वडील भेटून गेले" असं लिहिलेलं. कल्पना बाईंची होती. पण तीन सभा तो विषय जिवंत ठेवला तो प्राचार्यांनी, आणि समासातला तो शेरा सांगतो की कागदावरचं नाव त्यांच्यासाठी माणूस होतं. ती फुली आणि तो शेरा लेखात आले तेव्हा प्राचार्य मला पहिल्यांदा दिसले. आणि बाईंचं नाव स्मरणिकेत पहिल्यांदा छापलं गेलं.

म्हणून "सर्वानुमते" दिसलं की मागे जा. विषय किती वेळा पुढे ढकलला ते पाहा. उपस्थितीच्या सह्या पाहा. ज्या सभेत वादग्रस्त ठराव पार पडला तिला नेमकं कोण गैरहजर होतं? टिपणीवर "चर्चा करावी" असा शेरा असेल तर ती चर्चा कुठे झाली, त्याचा पुढचा कागद शोधा. जावक नोंदवहीत पत्राची नोंद असते, पत्र फाइलीत नसतं, असंही होतं. तेव्हा ते ज्यांना गेलं त्यांच्याकडे मिळतं का बघा. पाणी कुठे मुरलंय ते अशाच जागी कळतं.

एक वर्ष उलगडून सांगा

चाळीस वर्षं सारख्या वेगाने लिहिली तर वाचक दहाव्या वर्षी झोपतो. तक्त्यातून एक वर्ष निवडा, शक्यतो जेव्हा चरित्रनायकाचे स्वतःचेच दोन विश्वास एकमेकांसमोर उभे ठाकले ते. त्या वर्षाला लेखाचा चौथा हिस्सा द्या. बटलर यांच्याबाबतीत ते वर्ष १९१७, यात मला शंका नाही.

आधीची पार्श्वभूमी अशी. बटलर शांततेच्या चळवळीतले मोठं नाव होते. अँड्र्यू कार्नेगी यांना आंतरराष्ट्रीय शांततेसाठी १९१० मध्ये मोठा निधी स्थापन करायला राजी करण्यात त्यांचा पुढाकार होता. आणि एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. जूनच्या पदवीदान समारंभात बटलर यांनी जाहीर केलं की आजवर जो मूर्खपणा म्हणून चालवून घेतला तो यापुढे देशद्रोह समजला जाईल, आणि अशांना कोलंबियात जागा नाही. ऑक्टोबर उजाडला तसे मानसशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक जेम्स मकीन कॅटल यांना विश्वस्तांनी काढून टाकलं. त्यांचा गुन्हा असा की सक्तीने भरती केलेल्या तरुणांना त्यांच्या मर्जीविरुद्ध युरोपात लढायला पाठवू नये, अशी पत्रं त्यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना लिहिली. साहित्याचे अध्यापक हेन्री डेना यांनाही काढलं.

आठवड्याभरात इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला. इथे थांबून वाचकाला एक गोष्ट ठळक सांगायची: बिअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे होते. जर्मनीचा पराभव व्हावा असंच त्यांना वाटत होतं. त्यांचा आक्षेप होता तो शिक्षणजगतात कसलंही स्थान नसलेल्या मूठभर विश्वस्तांच्या हाती विद्यापीठ गेलं यावर. जेम्स हार्वे रॉबिन्सन १९१९ मध्ये कोलंबिया सोडून गेले, आणि त्याच वर्षी बिअर्ड, रॉबिन्सन आणि इतरांनी न्यू यॉर्कमध्येच 'न्यू स्कूल' उभं केलं. आणि सेलिग्मन? प्राध्यापकांच्या विचारस्वातंत्र्याची तत्त्वं मांडणारा जो प्रसिद्ध अहवाल १९१५ मध्ये निघाला त्याच्या समितीचे ते अध्यक्ष. कोलंबियातल्या या प्रकरणात विश्वस्त आणि अध्यापक यांच्या मधोमध सापडलेल्या प्राध्यापक-समितीचं प्रमुखपदही त्यांच्याचकडे होतं. बाबासाहेबांनी आयुष्यभर ज्यांचं ऋण मानलं त्या दोन गुरूंपैकी एक सोडून गेला आणि एक आत राहून झगडत राहिला. मराठी वाचकासाठी बटलर यांचं चरित्र इथे जवळचं होतं.

आता तक्त्यात पुढे जा: १९३१. जेन अ‍ॅडम्स यांच्यासोबत बटलर यांना शांततेचं नोबेल मिळालं. युद्धविरोधी प्राध्यापकांना काढणारा अध्यक्ष आणि शांततेचा नोबेलविजेता हा एकच माणूस. या दोन गोष्टी लेखात एकमेकींच्या शेजारी ठेवा. त्या जोडणारं स्पष्टीकरण तुमच्याकडे पुराव्यासह असेल तर द्या. माझं मत विचाराल तर बटलर यांना शांतता हवी होती ती राज्यकर्त्यांच्या परिषदांतून येणारी. शिक्षकाने सरकारला उलट प्रश्न विचारून मिळवायची शांतता त्यांना कधी उमगली नाही. हे माझं मत आहे, आणि मी ते मत म्हणूनच लिहिते. तुम्हीही तसंच करा.

हार आणि काळे डाग

त्यांना काय हवं होतं आणि मिळालं नाही, हेही शोधा. बटलर यांना अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद हवं होतं. रिपब्लिकन पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार १९१२ मध्ये मतदानाच्या तोंडावर वारले, तेव्हा त्यांच्या वाट्याची निर्वाचक मंडळातली आठ मतं बटलर यांना दिली गेली. त्यांनी १९२० मध्ये उमेदवारीसाठी प्रयत्न केला, तो फसला. थिओडोर रूझवेल्ट त्यांना गमतीने 'निकोलस मिरॅक्युलस' म्हणायचे, पुढे त्या दोघांचं फाटलं. विद्यापीठाची खुर्ची चार दशकं न सोडण्यामागे ही हुकलेली खुर्ची किती होती, याचा विचार चरित्रकाराने केला पाहिजे.

काळ्या डागांबद्दल आपल्याकडे फार घाबरून लिहितात. कुटुंबीय नाराज होतील, संस्था हात आखडता घेईल. मी एवढंच सांगते की डाग न लिहिलेला लेख कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही. बटलर यांच्या कोलंबियाने पहिल्या महायुद्धानंतर प्रवेशाचे नियम असे बदलले की न्यू यॉर्कमधल्या ज्यू मुलांचा वाटा घटला. मुसोलिनीबद्दल त्यांनी जाहीर कौतुक केलं. नाझी राजवटीखालच्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या १९३६ मधल्या सोहळ्याला कोलंबियाचा प्रतिनिधी गेला. त्याविरुद्ध अध्यक्षांच्या निवासासमोर निदर्शनं करणाऱ्या रॉबर्ट बर्क या विद्यार्थ्याला विद्यापीठातून काढण्यात आलं. असं लिहिताना विशेषणं लागत नाहीत. तारीख, निर्णय, कुणावर परिणाम झाला, संपलं. "काळाची चौकट लक्षात घेता" हे वाक्य लिहायचा मोह होईल. लिहिण्याआधी त्याच काळात, त्याच विद्यापीठात कुणी विरोध केला होता का ते बघा. बर्क यांनी केला होता. मग ती चौकट पुरत नाही.

लोकांना काय विचारावं

हयात माणसं असतील तर आधी शिपाई, हेडक्लार्क, वाहनचालक, वसतिगृहाच्या मेसवाल्या मावशी यांना भेटा. मान्यवरांकडे मागाहून जा, त्यांचं बोलणं ठरलेलं असतं. "सर कसे होते?" असं विचारू नका. "देवमाणूस" हे उत्तर मिळेल आणि गाडं तिथेच अडेल. त्याऐवजी विचारा: त्यांनी तुम्हाला कधी नाही म्हटलं? रागावले की काय करायचे? सकाळी ऑफिसात आल्यावर पहिलं काय मागायचे? कुणाला भेटायचं टाळायचे? शेवटच्या वर्षी काय बदललं होतं? बोलणं ध्वनिमुद्रित करायचं तर आधी परवानगी घ्या, आणि छापण्याआधी त्यांचं वाक्य त्यांना वाचून दाखवा.

मसुदा

आता लिहायला बसा. पहिल्या मसुद्यात येऊन पडणारी भाषा मला पाठ आहे. "बटलर यांच्या द्रष्ट्या नेतृत्वाखाली कोलंबियाने उत्तुंग भरारी घेतली. पत्रकारितेसारख्या नव्या क्षेत्रात त्यांनी मुहूर्तमेढ रोवली. त्यांच्या परीसस्पर्शाने संस्थेचं सोनं झालं." यात एकही गोष्ट नाही. हेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या नावाने छापलं तरी खपून जाईल, आणि हीच त्याची परीक्षा. नाव बदलून बघा.

तोच मजकूर वह्यांवरून लिहिला की असा होतो: "वृत्तपत्रांचे मालक जोसेफ पुलित्झर यांनी पत्रकारितेच्या विद्यालयासाठी मोठी देणगी देऊ केली, पण त्याचं सल्लागार मंडळ कुणी नेमायचं यावरून त्यांचं आणि बटलर यांचं बिनसलं. काम वर्षानुवर्षं रखडलं. पुलित्झर १९११ मध्ये वारले आणि विद्यालय त्याच्या पुढच्या वर्षी उघडलं." विशेषण एकही नाही. तरी देणगीदाराला विद्यापीठात किती हात घालू द्यायचा याबद्दल बटलर किती दक्ष होते ते कळतं, आणि त्या दक्षतेची किंमतही कळते.

द्रष्टे, ऋषितुल्य, आधारवड, कर्मयोगी, शिस्तप्रिय पण मनाने हळवे: हे शब्द सापडले की खोडा आणि त्या जागी त्या माणसाने केलेली एक कृती घाला. कृती सापडली नाही तर जागा रिकामी सोडा.

शेवटची वर्षं

दीर्घ कारकिर्दीच्या लेखात सर्वांत जास्त खोटं लिहिलं जातं ते निवृत्तीबद्दल. "समाधानाने सूत्रं तरुण हाती सोपवली." बटलर यांनी सोपवली नाहीत. दृष्टी जवळजवळ गेली होती, ऐकूही कमी येत होतं, आणि तरी ते हटत नव्हते. अखेर १९४५ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, विश्वस्तांनी त्यांना पायउतार व्हायला लावलं. ते १९४७ च्या डिसेंबरात वारले. मधली तीन वर्षं हंगामी अध्यक्षांवर काम चाललं आणि १९४८ मध्ये आले ते जनरल आयझेनहॉवर. इतक्या वर्षांत बटलर यांनी वारस तयार केला होता का, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. तुमच्या माणसाबद्दलही विचारा: त्यांच्यानंतर तीन वर्षांत काय टिकलं, काय मोडलं? चार्ज-यादीची दुसरी बाजू इथे पूर्ण होते. आज आपल्या विद्यापीठांत कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असते. पण संस्थाचालक आणि प्राचार्य दशकानुदशकं राहतात, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडेही शिळा झालेला नाही.

लेख पुरा झाला की तीन जणांना वाचायला द्या: कुटुंबातली एक व्यक्ती, त्यांच्या काळात त्यांच्याशी भांडलेली एक व्यक्ती, आणि त्यांचं नावही न ऐकलेला एखादा विद्यार्थी. कुटुंबाने तारीख किंवा नातं चुकल्याचं सांगितलं तर लगेच दुरुस्त करा. मजकूर काढायला सांगितला तर पुरावा दाखवा आणि निर्णय संपादकावर सोडा. भांडलेल्या माणसाचं म्हणणं त्याच्या शब्दांत एखाद्या वाक्यात तरी आलं आहे ना, हे त्याच्याकडूनच तपासून घ्या. विद्यार्थी जिथे वाचायचा थांबला तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा. तो परिच्छेद निम्मा करा. छापखान्यात प्रत जाताना तारखांचा तक्ता मुद्रितशोधकाला सोबत द्या, सालं जुळवायला. आणि दोन्ही वह्या, टिपणं, परवानगीची पत्रं एका पाकिटात घालून संस्थेच्या ग्रंथालयात जमा करा, दाखल क्रमांक टाकून. पुढच्या स्मरणिकेचा लेखक कधी ना कधी ती मागायला येतो.